ओट्यावरचा बल्ब

"मावशी, तेवढा ओट्यावरचा बल्ब दोन तास बंद केला तर चालेल का?"

गजरामावशी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. भाकरी तव्यात पडली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरला, मग त्या म्हणाल्या, "त्यो आमी बंद करत न्हाय."

"का?"

"ह्यांच्यासाठी हाय त्यो."

हे म्हणजे दादूतात्या, त्यांचे यजमान. माझ्या शेजारीच भिंतीला टेकून बसले होते. पुढ्यात ताट होतं. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून त्यांनी तो तसाच हवेत धरला होता आणि आमटी मनगटावरून कोपराकडे ओघळत होती.

"खावा," मावशी म्हणाल्या.

त्यांनी घास तोंडात घातला. दुसरा तुकडा मोडला, बुडवला आणि पुन्हा तसाच धरला.

"खावा."

मला हसू आलं. मावशीही हसल्या. "असंच हाय बगा आता. ऊठ म्हणलं की उठायचं, बस म्हणलं की बसायचं. मागल्या उन्हाळ्यात म्या म्हणलं, जरा हितं हुबं ऱ्हावा, म्या कळशी भरून येते. वाटंत जाऊबाई भेटल्या, बोलत बसले. येऊन बगती तर उनात तसंच हुबं. चाळीस वरसं माझा एक शबुद ऐकला न्हाय ह्या माणसानं, आन आता बगा."

तात्या मावशींकडे बघून लहान मुलासारखे हसले. बहुतेक कुणी हसलं की हसायचं, एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं.

माझं कराडला औषधाचं दुकान आहे. तात्यांच्या विसरण्यावरच्या गोळ्या माझ्याकडूनच जायच्या. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मावशी एसटीनं उतरायच्या, पदराच्या गाठीतून डॉक्टरांची घडी घातलेली चिठ्ठी काढायच्या आणि गोळ्या घेऊन परतीची गाडी धरायच्या. म्हणजे तात्यांना काय झालंय, ते किती पुढे गेलंय आणि पुढे काय होणार, हे मला त्या घरात सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला काही माहीतच नव्हतं असं कुणाला वाटायला नको.

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचं वेड मला चाळिशीनंतर लागलं. बरोबरीच्या बायका भिशी लावत होत्या, मी लेन्सा घेत होते. नवरा म्हणायचा, "अंधाराचाच फोटो काढायचा तर झाकण लावून काढ की." दुकानात काउंटरमागं मी माझा एक फोटो मढवून लावला होता, चांदण्यांनी भरलेला. गिऱ्हाईकांचं त्याच्याकडे कधी लक्ष जात नसे. मावशींचं गेलं. गोळ्यांची वाट बघत त्या म्हणाल्या, "ह्यात काय? आमच्या सड्यावर ह्येच्या दुप्पट असत्यात."

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. पाटणच्या वर, घाटातून तास-दीड तास गाडी चढवली की वरची शेडगेवाडी लागते, आणि वाडीच्याही पुढे, सड्याच्या उत्तर टोकाला, यांचं एकटं घर. सडा म्हणजे नुसतं काळ्या कातळाचं पठार. घराच्या मागे दरी, दरीत एकही दिवा नाही. पौषातली अमावास्या साधून मी गेले होते. संध्याकाळी घराच्या दक्षिणेला तीनशे पावलांवर उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं, की ध्रुवतारा फोटोत बरोबर या घराच्या डोक्यावर, कौलांच्या वर येणार.

हा फोटो मी चार वर्षं शोधत होते. कॅमेरा एका जागी ठेवायचा, तीस तीस सेकंदांचे फोटो न थांबता दोन तास काढायचे, दोनशे चाळीस. नंतर कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवले की ताऱ्यांच्या रेघा होतात, ध्रुवाभोवती फिरलेल्या. खाली मधोमध ते एकटं घर. फक्त ओट्यावरचा तो बल्ब. दोन तास तो तिथं जळत राहिला तर घराच्या जागी पांढरा डाग आला असता.

"पण तो लावून काय होतं, मावशी?" मी विचारलं.

"रातीला उठून भाईर जात्यात. कडी लावली तर दार बडवत्यात, डोस्कं आपटून घेत्यात, म्हणून दार नुसतं लोटून ठिवते. भाईर जाऊन वळलं, बत्ती दिसली, की आपलं आपलं परत येत्यात. बाकी समदं गेलं, माझं नाव बी गेलं, पर त्येवढं ध्येनात हाय. बत्ती म्हंजी घर."

"मी बाहेरच असणार ना. समोरच. दारावर लक्ष ठेवते. तात्या आले बाहेर तर हाताला धरून आणून सोडते."

"थंडी लई असती, ताई."

"दोनच तास. दहा ते बारा. बाराला मी स्वतः बल्ब लावते."

मावशींनी तात्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी औषधवाली ताई होते. पैसे कमी पडले तर पुढच्या वेळी द्या म्हणणारी, डॉक्टरांचं अक्षर वाचून सांगणारी. मला नाही म्हणणं त्यांना जमणार नाही हे मला माहीत होतं.

"तुमी हायसा म्हणल्यावर काय," त्या म्हणाल्या.

झोपायला जाताना बटण त्यांनीच बंद केलं. दोनदा हात लावला, तेव्हा ते बंद झालं.

दहाला मी शटर चालू केलं. कपाळाला लाल दिवा बांधला होता. लाल उजेडानं डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही, म्हणून आम्ही लोक तो वापरतो. पहिला अर्धा तास मी इमानानं दाराकडे बघत होते. मग मला कळलं की मी दाराकडे बघतच नाहीये. बल्ब बंद केल्यावर दार दिसणार कुठून? तीनशे पावलांवरून घराचा नुसता काळा आकार दिसत होता. हे आधी सुचायला हवं होतं. सुचलं तेव्हा साडेदहा वाजले होते, कॅमेरा चालू होता, आणि घराजवळ जाऊन बसावं तर इकडे लेन्सवर दव धरत होतं, ते दर थोड्या वेळानं टिपावं लागत होतं. मी राहिले तिथंच. कान देऊन ऐकेन, असं स्वतःला सांगितलं.

आणि वर आकाश असं होतं की खाली बघवत नव्हतं. ते मी आज नाकारणार नाही. मी सुखात होते.

अकरा वाजून गेले असतील. लाल दिवा लावून मी कॅमेऱ्याची बॅटरी किती उरलीय ते बघत होते. मान वर केली तर घराच्या डाव्या बाजूला पिवळा उजेड हलत होता. कुणाच्या तरी हातातली बॅटरी. वर-खाली होत, थांबत, पुन्हा हलत, सरळ माझ्या फोटोत शिरलेली.

ससे मारायला वाडीतली पोरं रात्री सड्यावर फिरतात, असं मावशी जेवताना बोलल्या होत्या. माझं डोकं फिरलं. चार वर्षं शोधलेला फोटो, आणि ही कार्टी त्यात बॅटऱ्या नाचवतायत. दुकानात रांग मोडली की मी जो आवाज काढते, त्याच आवाजात ओरडले, "बंद करा ती बॅटरी! तिथंच थांबा, पुढं येऊ नका!"

उजेड जागच्या जागी थांबला. मग विझला.

एका शब्दात ऐकलं म्हणून मला बरं वाटलं. मी माझाही लाल दिवा बंद केला. चार फोटोंत तो उजेड आला असणार, तेवढे कॉम्प्युटरवर साफ करता येतील, असा हिशोब केला आणि पुन्हा वर बघू लागले.

तेव्हा तात्यांचा विचार मनात आला होता का? हे मी स्वतःला नऊ वर्षं विचारते आहे. आला नाही, असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. आला असेल तर मी तो बसू दिला नाही.

बाराला शेवटचा फोटो झाला. सामान आवरून, लाल दिव्यात फक्त पायापुढचं बघत पायवाटेनं घराकडे आले, ओट्यावर चढले आणि कबूल केल्याप्रमाणे बल्ब लावला. दार लोटलेलं होतं. आतल्या खोलीत दोन वाकळा दिसल्या आणि मी दोन माणसं धरली. पडवीत माझं अंथरूण घातलेलं होतं. पाय गार पडले होते, ते पोटाशी घेऊन झोपले.

"ताई, हे कुटं हायत?"

मावशी मला हलवत होत्या. बाहेर फटफटलं होतं, सड्यावर धुकं होतं. तात्यांची वाकळ नुसतीच ढीग होऊन पडली होती. मी स्वेटर अडकवेपर्यंत त्या बाहेर पडल्याही होत्या.

फार शोधावं लागलं नाही. घर आणि माझी कॅमेऱ्याची जागा यांच्या मधोमध, पायवाटेच्या डाव्या अंगाला, गुरं अडवायला रचलेला दगडांचा गडगा आहे. त्याच्यापाशी एका सपाट दगडावर तात्या बसले होते. अंगात बंडी आणि धोतर. हात गुडघ्यांवर, मांडीवर घरातली बॅटरी. भुवयांवर दव होतं. तोंड घराकडे.

मावशी पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "उठा," म्हणाल्या. "आवो, उठा. घरी चला."

तात्या उठले नाहीत. त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा मावशींना कळलं.

मी नाडी बघितली. बघायचं काही उरलं नव्हतं, पण माझ्या हातांना काहीतरी काम हवं होतं.

तासाभरात वाडी जमली. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. उलट कुणीतरी माझ्या हातात चहा आणून दिला, पाहुणीनं असलं बघावं लागलं म्हणून हळहळलेही. पोलीस पाटील आले. भला माणूस होता. म्हणाला, "ताई, तुमी भाईरच हुतासा न्हवं? काय दिसलं न्हाय?"

"नाही," मी म्हणाले.

"आन बत्ती?"

"बाराला लावली. तेव्हापासून चालूच आहे."

हे खरं होतं. ओट्यावर दिवसाउजेडी तो बल्ब अजून जळत होता.

मावशी तात्यांच्या डोक्याशी बसल्या होत्या. त्यांच्या हातात ती बॅटरी होती. त्यांनी बटण दाबलं, ती लागली. पुन्हा दाबलं, विझली. "सेल बी चांगलं हायत," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही. "मग इझवली का?"

"बत्ती समोर हुती. बारापास्नं. तोंड बी घराकडंच केलं हुतं. मग आलं का न्हाईत?" त्यांनी बॅटरी खाली ठेवली. "वळखलं न्हाय. बत्ती बगून बी घर वळखलं न्हाय त्यांनी. त्येवढंच ऱ्हायलं हुतं, त्ये बी गेलं."

आणि मग त्या रडल्या. तात्या गेले म्हणून नव्हे, हे मला तिथं बसल्या बसल्या समजलं. चाळीस वर्षांच्या घराला आणि त्यांना तो माणूस शेवटी विसरला, म्हणून रडल्या. ते खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे जगात एकटी मी सांगू शकत होते. चार हातांवर होते मी. तोंड उघडलं आणि मिटलं. मला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त लाज वाटली. दुपारी कॅमेऱ्याची बॅग डिकीत टाकून मी घाट उतरले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मावशी दुकानात आल्या नाहीत. यायचं कारणच संपलं होतं. तात्यांच्या गोळ्यांची मागवून ठेवलेली पाकिटं मी कपाटात मागे सरकवली.

ते दोनशे चाळीस फोटो मी बरेच महिने उघडले नाहीत. उघडले तेव्हा एकदाच. एकशे एकतीसपासून चार फोटोंत तो उजेड आहे. पहिल्यात घराच्या डाव्या बाजूला, जागच्या जागी घुटमळलेला, कारण वळून बघितल्यावर बत्ती दिसली नाही. पुढच्या तिघांत तो सरळ कॅमेऱ्याकडे येतोय. त्या अख्ख्या सड्यावर तेव्हा एकच दिवा होता, माझ्या कपाळावरचा लाल. तात्या तिकडे निघाले होते. माझ्याकडे. मी ते फोटो जोडले नाहीत. पुसलेही नाहीत.

तीन वर्षं अशीच गेली. रात्री बाहेर पडणं मी सोडून दिलं. नवऱ्यानं दोन-चारदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

एका सकाळी दुकानात तात्यांचा पुतण्या आला, आनंदा, पोराच्या खोकल्याचं औषध न्यायला. मी मावशींची चौकशी केली.

"हाय की. एकलीच ऱ्हाती. आमी म्हणलं वाडीत या ऱ्हायाला, तर येत न्हाय." तो बाटलीवरचं लिहिलेलं वाचत बोलत होता. "अंधारातच बसती. त्यो भाईरचा बल्ब हुता न्हवं, त्यो काढूनच टाकलाय चुलतीनं. म्हणती, ज्येच्यासाठी लावत हुते, त्येलाच वळख ऱ्हायली न्हाय. मग आता कुणाला लावू?"

त्याला परत द्यायचे सुटे पैसे मी दोनदा मोजले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. गाडी काढली आणि घाट चढले.

मावशी ओट्यावर नाचणी पाखडत होत्या. वाळल्या होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं, पाणी आणून दिलं. दारावर रिकामा होल्डर लोंबत होता. भिंतीतल्या कोनाड्यात बल्ब होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, टोक बाहेर आलेलं.

"मावशी, तात्यांनी घर ओळखलं होतं," मी म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. घाटात गाडी चालवताना वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडात आलं नाही. दार दिसत नव्हतं इथपासून सुरुवात केली. पोरं समजले, ओरडले, उजेड विझला. पाटलांना खोटं सांगितलं. लाल दिव्याचंही सांगितलं. मला रडू येत होतं, पण रडायचा हक्क माझा नाही, म्हणून न थांबता बोलत होते.

माझं संपेपर्यंत मावशींनी सुपाला पुन्हा हात लावला नाही. नाचणीवर चिमण्या आल्या, त्यांना हाकललं नाही.

"काय म्हणाला हुता तुमी?" त्यांनी विचारलं. "म्हणाला तसंच सांगा."

"मावशी..."

"तसंच सांगा."

"बंद करा ती बॅटरी," मी म्हणाले. "तिथंच थांबा, पुढं येऊ नका."

"तिथंच थांबा," त्या हळू म्हणाल्या. ओठ हलत होते. जणू पाठ करत होत्या. "मग बाराला बत्ती लावली तुमी."

"हो."

"ती दिसली असंल त्यास्नी."

"दिसली असणार. तोंड इकडेच होतं."

"म्हंजी घर कळलं हुतं."

"हो, मावशी. कळलं होतं."

त्यांनी गडग्याकडे पाहिलं. ओट्यावरून तो दिसतो, अगदी जवळ वाटतो. दिवसा तर हाकेच्या अंतरावर.

"रातभर बत्ती बगत बसलं," त्या म्हणाल्या. "आन ऊठ म्हणाय कुणी न्हवतं. म्या आत निजले हुते."

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले. रागानं नाही, सावकाश, नुसते मागे घेतले.

"जावा आता तुमी," त्या म्हणाल्या.

मी उठले. पायऱ्या उतरून गाडीशी गेले. मागे वळून बघायचं धाडस नव्हतं. गाडी वळवायला मागे घेतली, तेव्हा समोरच्या आरशात घर आलं. मावशी दाण्यांचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर चढल्या होत्या. एक हात चौकटीला, दुसरा वर. वर्तमानपत्राचा कागद ओट्यावर पडला होता.

पुन्हा कधी या, असं त्यांनी म्हटलं नाही आणि मी पुन्हा गेले नाही. पण त्या दिवशी मी गाडी तशीच थांबवून बघत राहिले. मावशी डब्यावरून उतरल्या, आत गेल्या. दुपारचे दोन वाजले होते, सड्यावर लख्ख ऊन होतं. ओट्यावरचा बल्ब लागला.